दुकानातली बहीण

पॅरिस, ९ जून १९०९

एदमे,

हे पत्र तुला लिस्बनच्या मोठ्या पोस्टात जाऊन मागून घ्यावं लागेल. घरच्या पत्त्यावर काही पाठवू नकोस असं तू बजावलं होतंस, म्हणून पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. अक्षर मात्र बदलता येत नाही.

लग्न नीट पार पडलं असं कळलं. दुकानातली आपली झेली चर्चसमोर जाऊन उभी राहिली होती. तुला ती दिसली नसेल, गर्दीत मागे होती. तिचं म्हणणं, फुलांचं कडं डोक्यावर छान बसलं होतं, फक्त जाळी डावीकडे घसरली होती. पिन उजवीकडून लावा असं मी सांगितलं होतं. पण सांगितलं कुणाला, तर तुझ्या सासरच्या, रोशव्हिएलांच्या मोलकरणीला. मला काही तिथे येता येणार नव्हतं.

तुझ्या सासूबाईंच्या अटीबद्दल मी पुन्हा लिहिणार नाही. दुकानात हॅट घालून दाखवणारी मुलगी त्यांना सून म्हणून चालते, पण तिची थोरली बहीण त्याच दुकानात सुई घेऊन बसलेली चालत नाही, हे मी समजून घेतलं आहे. तुझा आर्मां आईबरोबर हॅट बघायला यायचा आणि हॅटच्या खाली बघत बसायचा, तेव्हाच मला काय ते कळलं होतं. लग्न मोडण्यापेक्षा बहीण नसलेली बरी असं तू म्हणालीस, मी हो म्हटलं. त्यामुळे तक्रार करायला मला जागा नाही. मुलींनाही ताकीद दिली आहे. आपण दोघी बहिणी होतो हे दुकानात आता कुणाला आठवत नाही.

मादाम व्हिन्यॉल गुडघ्यांना कंटाळून नीसला राहायला जातायत. दुकान मी घेते आहे. पाटी त्यांचीच राहील. व्हिन्यॉल या नावाला गिऱ्हाईक आहे, माझ्या नावाला नाही.

तुझ्या जागी बेर्त नावाची मुलगी ठेवली. मान आखूड आहे, त्यामुळे रुंद कडेची हॅट तिच्यावर झाकणासारखी दिसते. झेली तिला सारखी म्हणते, "वर बघ गं, वर. गेलेली तशी वर बघायची, म्हणून कुठच्या कुठे पोचली." मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

तब्येतीला जप.

नोएमी


पॅरिस, २२ एप्रिल १९११

एदमे,

तिकडच्या राजाला लोकांनी हाकलून दिलं, हे वर्तमानपत्रात वाचलं. आर्मांच्या वकिलातीतल्या लोकांना काही झालं नाही असंही पुढे होतं, म्हणून स्वस्थ राहिले. तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. चित्र सुरेख आहे.

एक गोष्ट तुला कळवायची राहिली होती. तुझ्या सासूबाई, काउंटेस, आमच्याकडे येतात. तुझ्या लग्नानंतर महिनाभरातच आल्या, जसं काही झालंच नाही. आल्या, खुर्चीत बसल्या, हातमोजे काढले आणि मला म्हणाल्या, "मादमोझेल नोएमी, मी जुनी दिसले पाहिजे, म्हातारी नाही. तुमच्या मादाम व्हिन्यॉलना हा फरक कधी कळला नाही."

मी त्यांना परत पाठवू शकले असते. पण तुझ्या संसारात खडा पडला असता. शिवाय खरं सांगायचं तर त्यांचं डोकं फार चांगलं आहे. लहान, कपाळ उंच, आणि आरशासमोर बसल्यावर चेहरा अजिबात हलत नाही. अशा बाईसाठी काम करायला मिळणं हे आमच्या धंद्यातलं भाग्यच.

तुला ठाऊक आहे ना, सध्या सगळ्याजणी डोक्यावर अख्खा पिसारा घेऊन हिंडतात? गाडीत बसताना मान वाकडी करून बसावं लागतं. लाँशांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी मी काउंटेसना काळ्या मखमलीची साधी हॅट केली. पीस नाही, फूल नाही, नुसता एका बाजूने वर घेतलेला काठ. झेली म्हणाली, "बाई, ही काय हॅट आहे? हिला तर आपण अजून काही लावलंच नाही." काउंटेसनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि तशीच घालून गेल्या. त्या दिवशी तिथल्या सगळ्या पिसाऱ्यांमध्ये लोकांना एकच डोकं दिसलं म्हणतात. पुढल्याच आठवड्यात आमच्या जिन्यावर बायकांची रांग लागली. तेव्हापासून मला नाही म्हणायला शिकावं लागलं आहे. मादाम द त्रेव्ही गेल्या महिन्यात पंधरा दिवस थांबल्या, आणि त्याबद्दल माझा राग न धरता माझं कौतुक करत हिंडल्या. मोठ्या घरच्या बायकांना वाट बघायला लावलं की त्या आपल्याला मानतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माप घेताना काउंटेस सहज बोलून गेल्या की त्यांना नात झाली. लिस्बनला, गेल्या हिवाळ्यात. नाव ओदिल. मी तोंडात पिना धरल्या होत्या, त्यामुळे लगेच काही बोलता आलं नाही. पिना काढल्यावर अभिनंदन केलं.

बाळ कुणावर गेलं आहे, ते त्यांना विचारणं बरं दिसलं नसतं.

नोएमी


पॅरिस, १७ ऑक्टोबर १९१४

एदमे,

आर्मां लढाईत गेल्याचं कळलं. तू आता लिस्बन सोडून मुलीला घेऊन सासूबाईंकडे लोशजवळच्या वाड्यावर आलीस, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तू पाठवलेल्या चिठ्ठीत फक्त नवा पत्ता आहे, आणि तोही गावच्या पोस्टाचा. त्या घरात अजून एवढी कडक व्यवस्था असेल असं वाटलं नव्हतं. असो.

दुकानात सध्या काळ्याखेरीज दुसरं काही शिवलं जात नाही. शेजारची दोन दुकानं बंद झाली. माझं चाललं आहे, कारण माणसं मरतायत. हे वाक्य लिहून मी खोडणार होते, पण खरं आहे म्हणून राहू दिलं. झेलीचा भाऊ बेपत्ता आहे. ती काळा कपडा कापते आणि एक शब्द बोलत नाही. तिच्या बोलण्याला मी इतकी वर्षं वैतागले, आता ते नाही तर खोली ओसाड वाटते.

काउंटेस गेल्या मंगळवारी आल्या. बरोबर कुणी नव्हतं. खुर्चीत न बसता उभ्यानेच म्हणाल्या, दोन हॅट हव्यात. एक माझ्यासाठी. एक सुनेसाठी, तिला पॅरिसला यायला जमणार नाही, आणि तिचं माप माझ्याकडे नाही.

मी म्हटलं, "माप आहे माझ्याकडे, बाईसाहेब."

"असणारच," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि तू इथे कामाला होतीस म्हणून माप आहे, हे मीही सांगितलं नाही. मग त्या खाली बसल्या आणि जाळी कितपत दाट हवी ते सांगायला लागल्या. आपलं तोंड कुणाला दिसू नये, पण समोरची पायरी आपल्याला दिसावी, इतकी. आवाज नेहमीचाच होता. हात मात्र हातमोज्यात जाईना. मी पुढे होऊन घालून दिला. मला ती बाई कधी आवडलेली नाही हे तुला ठाऊक आहे. तरी घालून दिला.

तुझी हॅट मी स्वतः केली, मुलींना हात लावू दिला नाही. काळं क्रेपचं कापड पावसात रंग सोडतं, म्हणून आतून पांढरं अस्तर न देता करडं दिलं आहे. कानाजवळ टोचत असेल तर तिथली टीप उसव, मला वाईट वाटेल वगैरे मनात आणू नकोस. जाळी खाली घेतलीस की पिन उजवीकडून लाव.

तुला यावंसं वाटलं तर मागच्या खोलीत जागा आहे. मुलीसाठीही आहे.

नोएमी


पॅरिस, ११ मे १९२१

एदमे,

आता आमची पाटी खालच्या मजल्यावर आहे, रस्त्यालगत. आरसे नवे केले. अमेरिकन बायका येतात, मोठ्याने बोलतात आणि ताबडतोब हॅट मागतात. जुन्या गिऱ्हाइकांनी आधी नाकं मुरडली, मग केस कापले आणि त्याही ताबडतोब मागायला लागल्या. घंटेसारख्या लहान हॅटची ही लाट आली तेव्हा इतर दुकानांनी वर्षभर वाट पाहिली. मी पाहिली नाही. पिसांचा सगळा साठा मी एका नाटक मंडळीला देऊन टाकला. झेली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग स्वतःच केस कापून आली.

तुला हे सांगायला लिहीत नाहीये. काल काउंटेस ओदिलला घेऊन आल्या.

चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी घालायची पांढरी टोपी हवी होती. अशी टोपी लोशला कुणीही शिवून दिली असती. दहा वर्षांच्या मुलीला त्यासाठी पॅरिसला आणायची गरज नव्हती, आणि आणलं तर ते मला दाखवायलाच आणलं, एवढं कळण्याइतकी मी शहाणी आहे. म्हाताऱ्या बाईला आपल्या अटीची मजा बघायची असेल, असं तेव्हा वाटलं. आजही तेच वाटतं.

मुलगी स्थिर बसत नाही. मी फीत डोक्याभोवती घेतली तर तिने फीत पकडून स्वतःच आकडा वाचला. मग तिचे प्रश्न सुरू झाले. लाकडी साच्यांवर नावं का लिहिली आहेत? आजीचा साचा कुठला? वाफेने हात भाजतो का? मी हात दाखवला. तिने बोटांवरचे डाग नीट पाहिले आणि म्हणाली, "माझ्या आईच्या बोटावर एक असाच आहे. ती म्हणते लहानपणी चुलीवर भाजलं."

"भाजतं लहानपणी," मी म्हटलं.

"तुम्हाला मुलं आहेत?"

"नाहीत."

"बहीण?"

काउंटेस आरशातून माझ्याकडे बघत होत्या. नजर काढून घेतली नाही.

"एक आहे," मी म्हटलं. "लांब असते."

"मग तुम्ही जात का नाही तिच्याकडे?"

मी म्हटलं दुकान सोडून जाता येत नाही. ती म्हणाली, रविवारी तर दुकान बंद असतं. यावर झेलीला खोकल्याची उबळ आली आणि ती आत निघून गेली.

टोपी चांगली झाली आहे. कडेला बारीक चुण्या घातल्या, दुकानातल्या मुली असल्या नाजूक कामाला कंटाळतात म्हणून मीच बसले. मुलीचे केस दाट आहेत आणि भोवरा मागे उजवीकडे आहे. आपल्या बाबांना होता तिथेच.

नोएमी


पॅरिस, २० फेब्रुवारी १९२८

एदमे,

गुरुवारी मी तुमच्या वाड्यावर येऊन गेले, हे तुला माहीत आहे. तू तूरला डॉक्टरांकडे गेली आहेस असं मोलकरणीने सांगितलं. बागेतून चालत येताना दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत मी तुला पाहिलं. राखाडी शाल होती. बारीक झाली आहेस.

काउंटेसनी मला बोलावलं होतं, हेही तुला ठाऊक असेलच. डॉक्टरांनी आशा सोडली आहे आणि त्यांना शवपेटीत घालायची टोपी आत्ताच करून हवी होती. "माझ्या डोक्यावर काय असावं हे मी धर्मगुरूंवर सोडणार नाही," म्हणाल्या. उशीला टेकून बसवलं होतं. केस अगदी विरळ झालेत, माप सैल घ्यावं लागलं. माप घेताना त्यांनी तेच केलं जे नेहमी करायच्या, डोळे मिटले नाहीत.

मग म्हणाल्या, "दार लावा आणि खुर्ची जवळ घ्या. मला एक विचारायचं आहे, आणि आता लाजायला वेळ नाही. एवढी वर्षं तुम्ही तिची बहीण आहात हे तुम्ही एकदाही का सांगितलं नाहीत? आमचं घर तुम्हाला इतकं नकोसं होतं का?"

मला वाटलं आजारात त्यांचं डोकं भरकटलंय. मी सावकाश म्हटलं, बाईसाहेब, ती तर तुमचीच अट होती.

"कसली अट?"

मी सांगितली. तू मला मागच्या खोलीत बसून जशी सांगितली होतीस तशीच सांगितली, शब्द न बदलता.

 मग म्हणाल्या, "मी कुठलीच अट घातली नव्हती. एदमेने आम्हाला सांगितलं की ती कॅप्टनची मुलगी, आईवडील गेलेले, जगात दुसरं कुणी नाही. आर्मां हे खरं धरूनच मेला. मला लग्नानंतर महिन्याभराने शंका आली, म्हणून तर मी तुमच्याकडे आले. कान. दोघींचे कान सारखे, वरून टोकदार. हॅट घालून आरशात बसलेल्या बाईला दुसऱ्यांचे कान दिसतात."

मी विचारलं, मग तिला का विचारलं नाहीत?

"विचारलं असतं तर तिला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. तिने आपणहून सांगावं म्हणून वाट पाहिली. मग तुम्ही सांगाल म्हणून पाहिली. मुलीला आणून तुमच्यासमोर बसवलं, तरी तुम्ही म्हणालात लांब असते. मला वाटलं, फार मानी बाई आहे. आमच्यापेक्षा मानी."

त्यानंतर आम्ही दोघी लेसबद्दल बोललो. त्यांना आलाँसों गावची लेस हवी आहे, जुनी, त्यांच्या लग्नातली. तुझ्याकडच्या कपाटात आहे म्हणतात. तेवढी पाठव.

हे सगळं लिहिताना मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. एकोणीस वर्षं मी ज्या बाईचा राग केला तिने काही केलंच नव्हतं, आणि आता राग उचलून दुसऱ्या माणसावर ठेवायचा म्हटलं तर तो तिथे बसत नाही. आपले बाबा हॅटच्या कारखान्यात लोकरीचा नमदा लाटायचे. कॅप्टन ही पदवी त्यांना आवडली असती, मोठ्याने हसले असते. मला एवढंच कळत नाही की मला का फसवलंस. मला खरं सांगितलं असतंस, की लाज वाटते, तरी मी हो म्हटलं असतं. तेव्हा तू काहीही मागितलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं.

उत्तर लिहू नकोस. लेस पाठव.

नोएमी


पॅरिस, ६ ऑक्टोबर १९२८

एदमे,

तुझं ऑगस्टचं पत्र मिळालं. एवढं लांब पत्र तू मला पहिल्यांदाच लिहिलंस. "मी घाबरले होते, हॅट घालून लोकांसमोर बसवायचे तेव्हाही घाबरायचे, तू माझ्यासारखी कधी नव्हतीस," हे सगळं मी वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटच्या पानावरची विनंतीही वाचली. ओदिलचं मादाम द त्रेव्हींच्या पुतण्याशी जमत आलं आहे, त्यांचं घर अशा बाबतीत फार चोखंदळ आहे, तेव्हा लग्न होईपर्यंत मी ओदिलला भेटू नये, आणि भेटलीच तर ओळख देऊ नये. फक्त लग्न होईपर्यंत.

मी उत्तर दिलं नाही, कारण त्यात नवीन मागणं काही नव्हतं. सवयीचंच होतं. ओळख न देण्यात माझा हात बसलेला आहे. तू म्हणतेस तसं करायचं मी ठरवलं होतं, हे तू लक्षात घे.

आज सकाळी मादाम द त्रेव्ही आल्या होत्या. तपकिरी फेल्टची हॅट, कड वर घ्यावी की खाली यावर आमचं चाललं होतं. तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि ओदिल आत आली. आजीच्या अंत्यविधीनंतर मी तिला पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही चर्चच्या मागच्या बाकावरून. उंच झाली आहे. एकटीच आली होती. लग्न ठरेपर्यंत तू पॅरिसमध्ये राहायला घेतलेल्या घरापासून चालत आली असावी, बुटांवर धूळ होती.

मादाम द त्रेव्हींनी तिला ओळखलं. "अगं, ओदिल. तूही इथेच हॅट करून घेतेस वाटतं? तुझी आजीही इथलंच गिऱ्हाईक. चांगली सवय."

मी म्हटलं, "मादमोझेल द रोशव्हिएल, थोडं बसा. झेली तुमच्याकडे बघेल."

ती बसली नाही. हातमोजे काढले, टेबलावर ठेवले आणि सरळ माझ्याकडे येऊन माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. माझ्या हातात पिना होत्या, एक तिच्या बाहीत अडकली. मग मादाम द त्रेव्हींकडे वळून म्हणाली, "मी हॅट करून घ्यायला नाही आले, मादाम. ही माझी मावशी आहे. आईची सख्खी बहीण. आजीने मला जाण्याआधी सांगितलं. तुमच्या घरी उद्या सगळं ठरायचं आहे, तेव्हा तुम्हाला आजच कळलेलं बरं."

 आत मुलींच्या सुया थांबल्या. झेली दारात उभी होती, तिच्या हातातली फीत सुटून जमिनीवर गेली आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही.

मादाम द त्रेव्हींनी आरशात स्वतःकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग ओदिलकडे. आमच्या कानांकडे पाहिलं असावं. शेवटी म्हणाल्या, "कड खालीच राहू द्या." हॅट काढून माझ्या हातात दिली, आपली घातली आणि निघून गेल्या. पुढच्या मोसमाबद्दल काही बोलल्या नाहीत. नेहमी बोलतात. त्याचा अर्थ काय ते मी सांगू शकत नाही. त्यांच्या मनात काय आहे हे मला आजवर फक्त हॅटपुरतंच कळलं आहे.

मी ओदिलला म्हटलं, पोरी, हे काय केलंस. ती म्हणाली, "त्यांना नको असेल तर मलाही ते घर नको, मावशी. लग्नानंतर कळण्यापेक्षा हे बरं." मग तिला भूक लागली. झेलीने मागच्या खोलीत कॉफी आणि पाव दिला. जेवून ती साचे बघत बसली आहे. आजीचा साचा तिला सापडला. तुझाही सापडला, मी तो फेकला नव्हता.

संध्याकाळी मी तिला तुझ्याकडे सोडायला येणार आहे. दारापर्यंत येईन, वर येईन की नाही ते तू ठरव. हे पत्र त्याआधी एका मुलीच्या हाती पाठवते आहे. मादाम द त्रेव्ही दुपारी सगळ्यांना भेटतात, आणि हे तुला त्यांच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

नोएमी